खुलासा: 'सुई टोचली की गाठ पसरते' हे खरे नाही

मराठवाड्यात सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय: 'गाठीला सुई लावू नका, कॅन्सर अंगभर पसरतो.' हे चूक आहे. तपासणीसाठी इंजेक्शनसारख्या बारीक सुईने गाठीतल्या काही पेशी काढतात. तेवढ्याने आजार अंगभर पसरत नाही. सुईच्या वाटेवर पेशी रुजणे फार क्वचित घडते. वृषणाच्या गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर सुई मुद्दाम टाळतात.

मग समज टिकतो कसा? माणूस आधी महिनोन्‌महिने थांबतो, तपासणीपर्यंत आजार वाढलेला असतो, पुढचा बिघाड सुईच्या माथी मारला जातो. थांबण्यामागे बहुधा भीती असते: निदान झालं नाही तोवर आजार नाही, असं मनाला वाटतं. त्यात गाठ दुखत नाही. छातीची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि बाईला ती सासूलाही सांगायचा संकोच. सोयाबीन निघू द्या, ऊसतोडीहून येऊ द्या, असं करत हंगाम सरतो. हे अडाणीपण नव्हे. शिकलेलेही असंच थांबतात.

तोंडाच्या कॅन्सरबाबतही थांबू नका: तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, उभी तीन बोटं तोंडात मावेनात, तर डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

खरा धोका वेगळाच: गाठ कुठेतरी कापून फेकून देणे. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) घालून तपासणीला गेलाच पाहिजे. त्याचा अहवाल मागून घ्या.