दोन चमचे इसबगोलात दिवसाचं फायबर? हिशेब जुळत नाही

‘रोज रात्री दोन चमचे इसबगोल घ्या, दिवसाचं फायबर झालं. मग भाजी-फळं खाल्ली काय, नाही काय!’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. फळांचा रस चालतो आणि फायबर जितकं जास्त तितकं बरं, हेही त्यातच ठोकून दिलंय.

आधी बेरीज करू. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सुचवलं, तेही अन्नात मुळातच असलेलं. एक मोठा चमचा इसबगोल म्हणजे साधारण 5 ग्रॅम भुसा, त्यात फायबर 4 ग्रॅमच्या आसपास. दोन चमच्यांचे झाले 8. याउलट एक कप शिजवलेल्या अख्ख्या मसुरात 15 ग्रॅम असतं आणि सालासकट खाल्लेल्या मध्यम सफरचंदात 4. शिजवल्याने फायबर जातं, ही भीतीही नको. काकडी-टोमॅटोच्या वाटीभर सॅलडवर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात पाणीच जास्त.

आकडा गाठला तरी प्रश्न उरतो. इसबगोल पाणी धरून जेल बनवतं, म्हणून मल मऊ होतो आणि एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. त्याचं हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ते आतड्यात फारसं आंबत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ज्यावर जगतात आणि ज्यातून ब्युटिरेटसारखी आतड्याला पोषक आम्लं तयार करतात, ते फायबर कडधान्यं, ओट्स, कांदा, लसूण यांतून जास्त मिळतं.

रसाचं थोडक्यात: एका संत्र्यात सुमारे 3 ग्रॅम फायबर असतं, गाळलेल्या ग्लासभर रसात जेमतेम अर्धा ग्रॅम. बाकीचं चोथ्याबरोबर गेलं.

‘जितकं जास्त तितकं बरं’ हे सर्वांत घातक. 10 ग्रॅमवरून एकदम 35 वर उडी मारली की गॅस, पोटफुगी आणि कळा ठरलेल्या. आठवड्याला 5 ग्रॅमच्या बेताने वाढवा, पाणीही वाढवा. इसबगोल कोरडं तोंडात टाकू नका, ते घशात फुगून अडकू शकतं. एका चमच्याला किमान 240 मिली पाणी घ्या, ढवळून लगेच प्या. ग्लास ठेवून दिला तर काही मिनिटांत त्याची खळ होते. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. आतडं अरुंद झालेलं असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा मलातून रक्त जात असेल, तर चमचा उचलण्याआधी डॉक्टरांना दाखवा.