अधिकाराची भाषा इंग्रजीच, या दाव्याला उत्तर

हाताखालच्या माणसांकडून काम करून घ्यायचे असेल तर इंग्रजीतच बोलावे, असे सांगणारा एक मजकूर सध्या खान्देशातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यात ‘आय ॲम इन चार्ज हिअर’, ‘दॅट्स ॲन ऑर्डर’, ‘डू ॲज यू आर टोल्ड’, ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ अशा वाक्यांची यादी आहे आणि तिच्या समर्थनार्थ चार विधाने आहेत: इंग्रजीतला हुकूम नेमका असतो आणि मराठीतला मोघम; मराठीत नुसते दरडावता येते किंवा विनवता येते, मधल्या पायऱ्याच नाहीत; हुकूम देण्याची शिस्त आपल्याला इंग्रजांनी शिकवली; आणि अहिराणी बोलणाऱ्याचे तर कोणी ऐकतच नाही. जिनिंगमधले सुपरवायझर, पतसंस्थेतले अधिकारी, नव्याने रुजू झालेले शिक्षक अशी तरुण मंडळी हे मनावर घेऊ लागली आहेत, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते. इंग्रजी शिकण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो अधिकार इंग्रजी शब्दांतून येतो या समजुतीला.

पहिला मुद्दा नेमकेपणाचा. 25 ऑक्टोबर 1854 रोजी क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लावा येथे, लॉर्ड रॅग्लन या ब्रिटिश सेनापतीने घोडदळाला लेखी हुकूम पाठवला. घोडदळाने वेगाने पुढे जावे, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत, अशी आपली ‘इच्छा’ आहे, असे त्यात म्हटले होते. रॅग्लन उंचावर उभा होता, त्यामुळे कोणत्या तोफा हे त्याला दिसत होते. खाली दरीत असलेल्या लॉर्ड लूकन या घोडदळाच्या प्रमुखाला ते दिसत नव्हते. कोणत्या तोफा, असे त्याने विचारले, तेव्हा चिठ्ठी घेऊन आलेल्या कॅप्टन नोलनने नुसता हात करून दाखवला. सुमारे साडेसहाशे स्वार भलत्याच तोफांच्या तोंडी गेले आणि त्यांतले शंभराहून अधिक मारले गेले. हुकूम अस्सल इंग्रजीत होता, देणारा आणि घेणारा दोघेही इंग्रज सरदार होते, तरीही ‘कोणत्या तोफा’ एवढे दोन शब्द राहून गेले आणि ती उणीव इंग्रजीला भरून काढता आली नाही.

कायद्यातही तेच दिसते. ‘शाल’ (shall) म्हणजे सक्ती आणि ‘मे’ (may) म्हणजे मुभा, असे या मजकुरात ठामपणे लिहिले आहे. प्रत्यक्षात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात, राज्यघटनेच्या अनुच्छेद 320 मधला ‘शाल’ हा बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असा निर्वाळा दिला. दक्षिण आफ्रिकेने 1996 ची राज्यघटना लिहिताना हा संदिग्ध शब्द टाळून ‘मस्ट’ वापरला. नेमकेपणा मुळातच इंग्रजीत असता, तर एवढी खटपट करावी लागली नसती.

हुकूम नेमका होतो तो पद्धतीमुळे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या धावपट्टीवर दोन विमाने आदळून 583 माणसे गेली. त्यामागच्या कारणांत ‘टेक-ऑफ’ या शब्दाची गल्लत हे एक होते, आणि त्यानंतर उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो शब्द उच्चारावा असा नियम रूढ झाला. आपल्याकडे भुसावळला रेल्वेच्या परिचालनात नोकरी केलेल्या कोणालाही विचारावे. गाडी घेण्याची संमती देताना दोन स्टेशनांचे मास्तर एकमेकांना ‘खासगी क्रमांक’, म्हणजे त्या संमतीची खूण असलेला आकडा, देतात आणि तो नोंदवून घेतात. बोलणे हिंदीत होवो, मराठीत होवो किंवा इंग्रजीत, सुरक्षितता त्या क्रमांकाने आणि नोंदीने येते.

मराठी सरकारी पत्रे मोघम असतात, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मला मान्य आहे. ‘सदर प्रकरणी संबंधितांनी योग्य ती कार्यवाही तात्काळ करण्यात यावी’ या वाक्यात कोणी, काय आणि कधीपर्यंत, यांपैकी एकही गोष्ट नाही. ते नीट जुळलेलेही नाही. पण कचेऱ्यांतले ‘डू द नीडफुल’ यापेक्षा काय वेगळे सांगते? त्याच जागी ‘तलाठ्यांनी नुकसानग्रस्त केळीबागांचे पंचनामे सोमवारी दुपारपर्यंत तहसील कार्यालयात जमा करावेत’ असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही, आणि हे वाक्य पूर्णपणे मराठी आहे.

पायऱ्यांबद्दलचे विधान तर उलटे आहे. इंग्रजीत समोरच्यासाठी ‘यू’ हा एकच शब्द आहे आणि आज्ञार्थी क्रियापदाचे रूपही एकच. मुलाला ‘सिट’ आणि वडीलधाऱ्यालाही ‘सिट’. म्हणून इंग्रज माणसाला आदर वाक्याच्या बाहेरून आणावा लागतो: ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘यू मे वॉन्ट टू’. यांतले शेवटचे शब्द वरिष्ठाच्या तोंडी सूचनेसारखे वाटतात, पण तो हुकूमच असतो, आणि नवख्या भारतीय कर्मचाऱ्याला तो हुकूम आहे हे अनेकदा कळतही नाही. मराठीत ही उतरंड क्रियापदातच आहे. बस, बसा, बसावे, बसशील ना, बसायचे आहे, बसावे लागेल, बसलेच पाहिजे: यांतल्या प्रत्येक रूपाचे वजन वेगळे आहे आणि मराठी माणसाला ते लहानपणापासून ठाऊक असते. मुख्याध्यापक शिपायाला ‘अण्णा, तेवढी घंटा द्या’ म्हणतात, तेव्हा वयाचा मान राहतो आणि घंटाही वेळेवर होते. त्याच अण्णांना ‘रिंग द बेल, दॅट्स ॲन ऑर्डर’ म्हणणाऱ्याने काय साधले, हे मला समजत नाही. शिवाय, हा हुकूम आहे असे मुद्दाम सांगावे लागते ते बहुधा हुकूम मानला जात नसतो तेव्हाच.

आता इंग्रजांनी शिस्त शिकवल्याचे. खान्देश 1818 साली कंपनीच्या ताब्यात गेला. त्याआधी येथे फारुकी सुलतानांची राजवट होती, मग मोगल आले, मग मराठे. हुकूम, ताकीद, सनद, जप्ती हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द फारसी-अरबीतून आले आहेत, आणि ते इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधीचे आहेत. शिवकाळात चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला पाठवलेले मराठी पत्र या संदर्भात वाचण्यासारखे आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, एवढ्यावर ते थांबत नाही. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी उपाशी राहतील, असे कारणही देते. वाचणाऱ्याला कारण पटेल अशा रीतीने लिहिलेला हुकूम यापेक्षा वेगळा कसा असतो?

उलट राज्यकर्त्या इंग्रजांनाच मराठी शिकावी लागली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या नोकरांना मराठी शिकवली जात होती. तेथे शिकवणाऱ्या विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण 1805 सालचे आहे आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालचा. खान्देशात 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमने भिल्लांचा विश्वास मिळवला तो त्यांच्यात मिसळून, त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊन. सत्ता हातात असताना त्यांना आपली भाषा पुरेशी वाटली नाही, ही गोष्ट यादी पाठवणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवी.

राहिली अहिराणी. कापसावर फवारणी चालू असताना शेतमालक मजुराला ‘तोंडले रुमाल बांध, वाराकडे तोंड करीसन फवारू नको’ असे सांगतो, तो त्या दिवसाचा सर्वांत महत्त्वाचा हुकूम असतो. तो त्याच क्षणी कळला नाही तर विष अंगावर येते. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे रंगीत त्रिकोण ठेवण्याचे कारणही हेच आहे: ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत त्यालाही लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे कळावे. सातपुड्यातून कामाला आलेल्या पावरा किंवा भिल्ल मजुरांशी बोलताना तर मराठीही पुरत नाही. तेथे त्यांची बोली जाणणारा मुकादम लागतो आणि मजूर ऐकतात ते त्याचेच.