"फायरवॉल बंद करा, फोल्डर उघडेल" म्हणे!

वागळे इस्टेट ते महापे, छोट्या ऑफिसांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घरून ऑफिसचा शेअर्ड फोल्डर उघडत नसेल तर आधी पिंग करा (सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का बघा), आला म्हणजे नेटवर्क ओके, मग सर्व्हरची फायरवॉल (नको ती कनेक्शन्स अडवणारी भिंत) बंद करा, तरी नाही झालं तर राउटरवर ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचा दरवाजा) ओपन करा. तिन्ही सल्ले गंडलेत.

पिंग जातो आयसीएमपी या वेगळ्याच प्रोटोकॉलवर, विंडोजचं फाइल शेअरिंग चालतं टीसीपी ४४५ वर, त्यामुळे पिंग येऊनही ४४५ बंद असू शकतो आणि पिंग न येताही फोल्डर मस्त उघडू शकतो. पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शन कमांडने थेट ४४५ तपासा ना. ट्रू आलं म्हणजे पोर्ट उघडा आहे, मग फायरवॉलला शिव्या घालू नका, यूजरनेम आणि परमिशन बघा.

आता फायरवॉल. ऑफिसात बसून चालतं, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात नेणारा सुरक्षित बोगदा) लावून घरून नाही, ही रोजची रड आहे आणि कारण बऱ्याचदा एवढंच असतं की विंडोजचा फाइल शेअरिंगचा रूल प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये फक्त लोकल सबनेटलाच (त्याच नेटवर्कातल्या मशीन्सना) आत घेतो आणि व्हीपीएनवाल्याचा आयपी वेगळ्या सबनेटचा असतो. त्या रूलच्या स्कोपमध्ये व्हीपीएनचं सबनेट टाका, झालं, त्यासाठी अख्खी फायरवॉल कशाला पाडायची? आणि घरी-ऑफिसात दोन्हीकडे १९२.१६८.१ वालीच आयपी रेंज असेल तर फायरवॉल बंद करूनही काही हलणार नाही, कारण लॅपटॉप सर्व्हरला घरातच शोधत बसतो. ऑफिसची रेंज बदला.

राहिलं ४४५ इंटरनेटवर उघडणं. अरे बाबांनो, मे २०१७ चा वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) याच वाटेने फिरला, विंडोजचा पॅच मार्चमध्येच येऊन पडला होता तरी! जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने आपल्या शेजारच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, तो बाहेरून ४४५ मधून शिरला नव्हता हे खरं, पण आतल्या आत पसरायला त्यानेही हाच पोर्ट वापरला. शिवाय राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (प्रोव्हायडर एकच पब्लिक आयपी अनेकांत वाटतो), पोर्ट कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून काही आत येणार नाही. प्रोव्हायडरकडून पब्लिक आयपी घ्या आणि राउटरवर फक्त व्हीपीएनचा पोर्ट उघडा, व्हीपीएन वायरगार्डचा असेल तर यूडीपी ५१८२०.