मिनिमम ड्यू भरलं म्हणजे बिल भरलं नाही, पोट्टेहो

आज सकाळी शेजारचा पोट्टा मोबाइल घेऊन दारात उभा. वय २४, नागपूरच्या मिहानात नोकरी. "काका, दर महिन्याला ऑटो-पे होते, एकही तारीख चुकली नाही, तरी बिल उतरत काऊन नाही?" त्याच्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट उघडलं. बाकी ६०,०००. ऑटो-पे होतं, पण 'मिनिमम अमाउंट ड्यू'वर, म्हणजे बिलातल्या कमीत कमी भरायच्या रकमेवर. आठ महिने!

तेव्हापासून डोकं तापलंय.

हिशोब बघा. त्याच्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६०,००० वर २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३७८. झाले २,४७८. मिनिमम ५ टक्क्यांनी ३,०००. खात्यातून तीन हजार गेले आणि मुद्दल उतरलं ५२२ रुपयांनी. वर्षाला ४२ टक्के! गावच्या सावकाराला आपण शिव्या घालतो ना?

आणि ते ५२२ सुद्धा टिकत नव्हते. बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. मग साध्या पेट्रोललाही खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. हा रोज मिहानात जाणारा पोरगा, त्याच कार्डावर दर आठवड्याला पेट्रोल भरत होता. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून, शुल्क वेगळं. कार्ड गळ्यात मारणाऱ्याने विमानतळावरचं लाउंज सांगितलं, कॅशबॅक सांगितला, हे नाही सांगितलं. आणि आपण मायबाप तरी? चक्रवाढ व्याजाची गणितं घोकून घेतली, बिल कसं वाचायचं ते कधी दाखवलं नाही.

पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला कार्डाने साधारण ४५ दिवसांपर्यंत पैसे बिनव्याजी वापरता येतात. बरं, मान्य.

आता करायचं काय? ऑटो-पे 'टोटल अमाउंट ड्यू'वर, म्हणजे पूर्ण बिलावर न्या. बदल पुढच्या बिलापासून लागू होऊ शकतो, म्हणून या महिन्याचं हाताने भरा. बाकी शून्य होईपर्यंत त्या कार्डावर चहासुद्धा नको. साठ हजार एकदम नसतील तर कर्ज बदला. १५ टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज १२ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५,४१५ आणि वर्षाचं सगळं व्याज पाच हजारांच्या आत. प्रोसेसिंग फी आधी विचारा. घरात एफडी असेल तर तिच्यावरचं कर्ज आणखी स्वस्त, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. या पोट्ट्याची म्युच्युअल फंडात दर महिन्याला २,००० ची एसआयपीही चालू होती! डोक्यावर ४२ टक्क्यांचं कर्ज असताना ती थांबवायची आणि ते पैसे आधी कार्डात टाकायचे.

कोणी फोन करून 'थोडे भरा, सेटलमेंट करून टाकू' म्हटलं तर अगदी नाइलाज असल्याशिवाय हो म्हणू नका. क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे घराच्या कर्जाला आडवा येतो.

तुमच्या घरचे पोट्टे-पोट्टी नोकरीला लागले असतील तर आज जेवणं झाल्यावर एवढंच विचारा, ऑटो-पे कोणत्या रकमेवर लावलं आहे? पण ओरडू नका. सकाळी मी आवाज चढवला, तर तो मोबाइल खिशात घालून परत निघाला होता. आठ महिने एकही तारीख न चुकवलेलं पोर.