बट्टा लावा, पण कारण सांगा

परवा दुपारी कुरियर आलं. ग्रेडिंगला पाठवलेली माझी सहा नाणी अडीच महिन्यांनी घरी परतली. दोन ग्रेड घेऊन आली, दोन ग्रेड न मिळताच डबीत बसून आली आणि उरलेल्या दोघांना तर डबीसुद्धा नाही, साध्या पिशवीत, गेली तशी परत. फी मात्र सहाही नाण्यांची कापलेली. आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "सहापैकी दोन म्हणजे तेहेतीस टक्के. दोन मार्कांनी नापास झालीस बघ."

या नादाला न लागलेल्या सुखी माणसांसाठी थोडक्यात सांगते. ग्रेडिंग कंपनीला नाणं पाठवायचं. ते अस्सल आहे का हे ती बघते, त्याला १ ते ७० मधला एक आकडा देते आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. या डबीला आम्ही स्लॅब म्हणतो. ६० आणि त्यापुढे म्हणजे मिंट स्टेट, टाकसाळीतून निघाल्यावर हातोहात न फिरलेलं नाणं. आकडा एकाने वाढला तरी भाव कुठल्या कुठे जातो. नाणं घासलेलं, खरवडलेलं किंवा कडी जोडायला डाग दिलेलं असेल तर आकडा नाही, नुसतं 'अस्सल, डीटेल्स'. पूर्वी अमेरिकेत अशी नाणी डबीत न घालताच पिशवीतून परत पाठवायचे आणि तिथले संग्राहक त्या पिशवीला 'बॉडी बॅग', म्हणजे मृतदेह न्यायची पिशवी, म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण पिशवी फोडताना पोटात जे होतं त्याला शोभतं खरं.

आता माझी सहा. १९५० चा प्रजासत्ताकाचा पहिला निकेलचा रुपया, ग्रेड ६४. ठीक. १९३९ चा रुपया, बनावट. तो मी आठवडी बाजारात घेतला होता आणि घेतानाच मनात पाल चुकचुकली होती. १९३९ चा खरा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकलाही चिक्कार. पकडला ते बरं झालं, त्याबद्दल कंपनीचे आभारच. १८४० च्या रुपयावर 'दागिन्यातून काढलेलं' असा शेरा. तोही बरोबर. कधीकाळी तो कुणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होता, कडी काढली तरी कडेला डाग दिल्याची खूण राहिलीच.

माझं डोकं फिरलं ते बाकीच्या तिघांवरून.

१९१९ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. तो मी आमच्या सांगलीतच एका घरातून घेतला आणि बँकेतल्या खाकी पाकिटात घालून कपाटाच्या खणात ठेवून दिला. तब्बल चौदा वर्षं. कागदातल्या गंधकाने चांदी रंग धरते. कडेने आधी पिवळसर, मग तांबूस, मग निळी झाक. पावसात डांबरी रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर जो रंग दिसतो, तसा. हा रंग माझ्या डोळ्यांदेखत चढलाय, दर दोन-चार महिन्यांनी पाकीट उघडून बघायची मी. गेल्या वर्षी तो पाठवला तर उत्तर आलं, 'रंग संशयास्पद'. म्हणजे मी गॅसवर भाजून नाहीतर औषध लावून रंग चढवला असा संशय. यंदा त्याच कंपनीला तेच नाणं, त्याच खणातून काढून, हात न लावता पुन्हा पाठवलं. ग्रेड ६२! वर्षभरात नाणं सुधारलं म्हणायचं की काय? दोन फिया गेल्या त्या गेल्याच. पण गेल्या वर्षी मी त्या शेऱ्यावर विश्वास ठेवून रुपया विकून टाकला असता तर?

दुसरं नाणं १८६२ चा व्हिक्टोरियाचा रुपया, आमच्या घरातला. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते, १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत रुपयावर तसंच छापत होते आणि नेमकं कधीचं नाणं ते ओळखायला तारखेखाली ठिपके असायचे. हे ठिपके भिंगाखाली मोजण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत. तर त्याच्यावर शेरा 'क्लीन्ड'. आता यात खोटं काहीच नाही. आमच्या सासूबाईंनी दर लक्ष्मीपूजनाला तो चिंचेच्या पाण्यात बुडवून, वर दंतमंजनाने घासून लखलखीत केलाय. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी चुलीतल्या राखेने घासला असणार. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीला मीसुद्धा घासलाय, पाप कबूल करते. भिंगाखाली बघितलं तर राणीच्या गालावर बारीक समांतर रेघा दिसतात. एका रेघेकडे बोट दाखवून कुणी म्हणालं की ही १९८८ ची दिवाळी, तर मी मान्य करेन.

पण महाराष्ट्रात असं एक घर दाखवा जिथे पूजेतला रुपया घासला जात नाही! मोजपट्टी कुठली लावताय याचा विचार कराल की नाही? हा ७० चा आकडा आला कुठून, तर विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी तो काढला. हिशोब असा की अगदी झिजलेलं नाणं एक डॉलरचं असेल तर त्याच जातीचं उत्तमातलं उत्तम सत्तर डॉलरचं. भावाचा हिशोब काही वर्षांत मोडला, आकडा राहिला. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या, तेव्हापासून तोच आकडा डबीवर बसून जगभर फिरतोय. (आणि हे शेल्डनसाहेब? अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी उचलून त्यांच्या जागी स्वतःची हलकी नाणी ठेवल्याचं त्यांच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. नाणेपारखी असावा तर असा.)

अमेरिकेत चांदीचे मॉर्गन डॉलर सरकारी तिजोरीत पोत्यांनी पडून होते. कित्येक पोती थेट १९६० च्या दशकात फुटली. कुणाचा हात न लागलेली नाणी तिथे मुबलक, म्हणून हात लागलेल्याला नाक मुरडणं त्यांना परवडतं. आमचा रुपया असा पोत्यात झोपून राहिला नाही. एक तोळा वजनाचा, ११.६६ ग्रॅमचा, म्हणून तो सराफाच्या तराजूत वजन म्हणून बसला. गळ्यात माळ होऊन गेला, हंड्यात पुरला गेला, ओटीत पडला, आहेरात फिरला. त्याच्या अंगावरच्या खुणा या त्याच्या नोकरीच्या खुणा आहेत. ठीक आहे, नंबर कमी द्या. ४० द्या, ३० द्या. पण घरातल्या घासणीने उठलेली रेघ आणि विक्रेत्याने काल ॲसिडमध्ये बुचकळून फसवायला आणलेली चमक, दोन्हींना एकच शब्द? 'क्लीन्ड'?

आणि तिसरी, शिवराई. इथे तर माझा संतापच झाला. शिवराई म्हणजे छत्रपतींनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही ते पडत राहिलं. तांब्याचे तुकडे हाताने तोडायचे, ठशावर ठेवायचे आणि वरून हातोडा. ठसा मोठा, तुकडा लहान, त्यामुळे एकाच नाण्यावर सगळी अक्षरं सापडणं दुर्मीळ. माझ्या नाण्यावर 'छत्र' स्वच्छ आहे आणि 'पति' कडेबाहेर गेलंय. परत येताना चिठ्ठीवर दोन शब्द, 'कड खराब'. अहो, ती कड पहिल्या दिवसापासून तशीच आहे! यंत्राने कापलेल्या गोल चकतीची सवय असलेल्या डोळ्यांना ती खराब दिसणारच. असलं नाणं ग्रेड करायचं नसेल तर फॉर्मवरच लिहा की आम्ही हातठशाची नाणी घेत नाही. फी घेऊन मग 'कड खराब' म्हणू नका.

मी ३१ वर्षं सहकारी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे 'नाही' म्हणायच्या बाजूलाही बसलेय. खोटी नोट आली की ती परत द्यायची नाही, तिच्यावर शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याला पावती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माणसं भांडायची. एकदा एक दूधवाले काका पाचशेची नोट माझ्या हातातून ओढायलाच निघाले. मी नोट उजेडात धरून त्यांना सुरक्षा धागा दाखवला, शेजारी खरी नोट धरून तिचाही दाखवला. त्यांचा राग गेला नाही, पण वाद संपला. दोन मिनिटांचं काम.

पूर्वी गावचा पोतदार दुसरं काय करायचा? रुपया समोर वाजवून बघायचा, कसोटीवर घासायचा आणि किती बट्टा लागणार, म्हणजे भावात किती कापणार, ते तोंडावर सांगायचा. 'नावाला बट्टा' आपण उगाच म्हणत नाही, तो शब्द सराफाच्या गादीवरून आलाय. पटत नसेल तर माणूस नाणं उचलून दुसऱ्या सराफाकडे जायचा. मागच्या आठवड्यात मी हा १८६२ चा रुपया घेऊन सराफ कट्ट्यावरच्या एका वयस्कर सराफांकडे गेले. त्यांनी दगडावर टाकून तो वाजवला, डोळ्याला भिंग लावलं आणि सुई न टेकवता वरूनच रेघा दाखवत गेले. "वहिनी, ही घासणीची. ही बघा, ही खोल आहे, ही कशावर तरी आपटल्याची. ही मात्र जुनी, हिच्यात काळं बसलंय." एक रुपया घेतला नाही. अडीच महिन्यांत कंपनीने न सांगितलेलं मला त्यांच्याकडे पाच मिनिटांत कळलं.

ग्रेडिंगवाले सगळे चोर आहेत असं मी म्हणत नाहीये. राम-सीता आणि हनुमानाचे, त्यावर १८१८ घातलेले ईस्ट इंडिया कंपनीचे 'दुर्मीळ' नाणे लाखो रुपयांना विकतो म्हणून लोकांना गंडवणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यात नाणं तांदूळ स्वतःकडे ओढून घेतं अशी थाप मारून ते विकायची भानगड निराळीच. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक चालते म्हणून २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. अशा बाजारात कुणीतरी त्रयस्थ पारखी हवाच. आणि आपल्याला परदेशात पाठवायची सोयही फारशी नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपुढचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. माझा १९१९ चा रुपया तर केव्हाच त्या रेघेपलीकडे गेलाय. म्हणजे जे काही करायचं ते इथेच. मग इथल्यांनी आपल्या नाण्यांची सवय करून घ्यायला नको?

माझी मागणी दोनच ओळींची आहे. नाकारलेल्या नाण्याचा मोठा करून काढलेला फोटो द्या आणि दोष कुठे दिसला तिथे बाण करा. फोटो तर तुम्ही काढताच. बाण करायला किती वेळ लागतो?

आणि आपल्या लोकांना पण बोलते, राग आला तर येऊ दे. आपण हल्ली नाणं बघतच नाही, डबीवरचा आकडा बघतो. एका प्रदर्शनात एका मुलाने माझ्यासमोर स्लॅब उलटासुद्धा न करता आठ हजार मोजले. मागच्या बाजूला काय आहे हे त्याने विचारलंही नाही. कंपन्यांना ही मिजास आपणच आणून दिलीय.

तर १८६२ चा रुपया आता कायमचा डबीत आहे, 'क्लीन्ड' म्हणून. सासूबाईंनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली, दोन्ही अंगठ्यांनी उघडायचा प्रयत्न केला. "उघडत नाही गं. आता पूजेला घासायचा कसा?" मी म्हटलं, राहू दे आई, आता नाही घासायचा. त्यांना ते अजिबात पटलेलं नाही. दिवाळीपर्यंत मी पक्कड लपवून ठेवणार आहे.

तुमच्यापैकी कुणाचं एकच नाणं दोनदा पाठवून दोन वेगळे निकाल आले असतील, तर दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो खाली टाका. कंपनीचं नाव झाकून टाका, मला फक्त शेरे शेजारी शेजारी ठेवून बघायचेत.