खाटकाच्या दुकानात न सापडलेला बाख

मार्चची २१ तारीख जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराचा हा जन्मदिवस (सन १६८५, तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे). या सुमारास जर्मनीत आणि जर्मनीबाहेरही अनेक चर्चमध्ये त्याच्या ऑर्गनच्या आणि इतर कळवाद्यांच्या (म्हणजे स्वरपट्टीवर वाजवायच्या वाद्यांच्या) रचना वाजवल्या जातात, आणि त्यांच्या वार्ता वाचून हा मजकूर पुढे पाठवण्याची लोकांना हुक्की येते. त्याचा सारांश असा: बाख हयातीत लाइपझिगपुरता ओळखला जाणारा एक सामान्य ऑर्गनवादक होता, १७५० साली तो वारला आणि पुढची ऐंशी वर्षे जग त्याला साफ विसरले, त्याची हस्तलिखिते रद्दीत जाऊन खाटकाकडे मांस बांधायला वापरली जाऊ लागली, त्याच दुकानात तरुण संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनला एका थोर कृतीचे कागद सापडले, १८२९ साली त्याने ती कृती सादर केली, आणि आजचा बाखोत्सव हे त्या एका संध्याकाळचे फळ आहे.

यातले पहिले आणि तिसरे विधान चूक आहे. चौथ्यात तथ्याचा अंश आहे. दुसरे विधान मात्र अर्धसत्य असल्यामुळे जास्त घातक आहे, म्हणून माझा बराचसा भर त्याच्यावर राहील.

आधी एक खुलासा करणे भाग आहे. मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकात रंगमंचापुढे वाजणारा पायपेटीचा ऑर्गन आठवतो. तो धातूच्या पट्ट्यांवर, म्हणजे हार्मोनियमच्या तत्त्वावर वाजतो. बाखचा ऑर्गन वेगळा. त्यात शेकडो, मोठ्या वाद्यात हजारो, नळ्यांमधून भात्याची हवा खेळते, हातांसाठी दोन-तीन स्वरपट्ट्या एकावर एक असतात आणि पायांसाठी स्वतंत्र लाकडी स्वरपट्टी असते, तिच्यावर वादक खर्जाची चाल पायांनी वाजवतो. हे वाद्य इमारतीचाच भाग असल्यामुळे ते वाजवणारा माणूस त्या गावाच्या नोकरीत असे, आणि त्याची विद्या गावातल्या पुढच्या वादकाकडे जाई. पुढच्या सगळ्या प्रतिपादनाचा पाया हाच आहे.

पहिल्या विधानाचा निकाल लवकर लागतो. लाइपझिगमध्ये बाख ऑर्गनवादक नव्हताच. १७२३पासून मृत्यूपर्यंत, सत्तावीस वर्षे, तो सेंट थॉमस शाळेचा कॅन्टर, म्हणजे गायनशिक्षक आणि चर्चसंगीताचा प्रमुख होता. ऑर्गनवादकाच्या नोकऱ्या त्याने त्याआधी आर्नश्टाट, म्युलहाउझेन आणि वायमार येथे केल्या. लाइपझिगच्या नगरपरिषदेने टेलेमान आणि ग्राउप्नर हे दोघे संगीतकार मिळेनात म्हणून बाखला नेमले, हे खरे आहे, आणि 'सामान्य' हा शेरा बहुधा त्या हकिकतीतून झिरपला असावा. पण वादक म्हणून त्याची कीर्ती सर्वदूर होती. नवा ऑर्गन बांधून झाला की तो तपासायला गावोगावचे लोक त्याला बोलावत. १७३२ साली कासेलला आणि १७४६ साली नाउम्बुर्गला तो याच कामासाठी गेला होता. १७४७च्या मे महिन्यात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने पोट्सडामच्या राजवाड्यात त्याला आयत्या वेळी विषय देऊन वाजवायला लावले. १७३७ साली शाइबे नावाच्या समीक्षकाने त्याच्या रचना फार गुंतागुंतीच्या असतात म्हणून जाहीर टीका केली. त्या टीकाकारानेही वादनाची थोरवी मान्य केली होती. आणि १७५४ साली छापून आलेल्या मृत्युलेखाच्या शीर्षकातच 'ऑर्गनवादनात जगप्रसिद्ध' हे विशेषण आहे. मृत्युलेख मुलाने आणि शिष्याने लिहिलेला असल्यामुळे विशेषणातून थोडी वजावट करा. तरीही सामान्य माणूस उरत नाही.

आता विस्मृतीचे विधान. त्यात खरे काय आहे ते आधी मान्य करतो, नाहीतर प्रतिवाद हट्टाचा वाटेल. बाखच्या कॅन्टाटा आणि पॅशन, म्हणजे गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी चर्चच्या विशिष्ट दिवसांकरता रचलेल्या कृती, त्याच्या मृत्यूनंतर मोठ्या प्रमाणात बंद पडल्या. अशा संगीताचा रिवाजच तसा होता. नव्या कॅन्टरने नवे संगीत द्यावे ही अपेक्षा असे. 'फ्यूगची कला' (फ्यूग म्हणजे एकच छोटी चाल अनेक आवाजांत एकामागून एक गुंफणारी रचना) हा त्याचा अखेरचा ग्रंथ १७५१ साली छापला गेला, तेव्हा पाच वर्षांत त्याच्या जेमतेम तीस प्रती खपल्या आणि मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने छपाईचे तांब्याचे पत्रे विकायला काढले. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याने वाट्याला आलेली हस्तलिखिते अडचणीच्या काळात विकली. कॅन्टाटांचा मोठा हिस्सा त्या ऐंशी वर्षांत कायमचा नष्ट झाला.

पण 'बाखचे गायनसंगीत मागे पडले' आणि 'बाख विसरला गेला' या दोन वाक्यांमध्ये अख्खे कळवाद्यांचे भांडार उभे आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते पाहिलेच नाही. 'वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर' या संग्रहाचा पहिला भाग १७२२चा आहे: बारा स्वरांपैकी प्रत्येकाच्या मेजर आणि माइनर स्वरमालिकेत एक प्रेल्यूड, म्हणजे आधी वाजवायची मोकळी रचना, आणि एक फ्यूग, अशा चोवीस जोड्या. तितक्याच जोड्यांचा दुसरा भाग वीसेक वर्षांनी आला. बाखच्या हयातीत यातला एकही भाग छापला गेला नाही. ज्याला शिकायचे असेल त्याने गुरूजवळ बसून तो स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावा, हीच पद्धत होती, आणि ज्या देशात बंदिशी गुरूच्या मुखातून शिष्याच्या वहीत जात आल्या, तिथल्या वाचकाला 'छापले नाही म्हणजे हरवले' हा तर्क किती पोकळ आहे ते सांगायला नको. हाइनरिश निकोलाउस गेर्बर नावाच्या शिष्याला बाखने हा संग्रह तीन वेळा वाजवून दाखवला होता. गेर्बरचा मुलगा पुढे संगीतकोशकार झाला. त्याने वडिलांची आठवण नोंदवली आहे: आज शिकवायची इच्छा नाही असे निमित्त करून बाख स्वतःच वाद्यावर बसे, आणि शिष्याला ते तास मिनिटांसारखे वाटत.

अशा शिष्यांनी जर्मनीभर ऑर्गनच्या जागा धरल्या. योहान लुडविग क्रेब्स आल्टेनबुर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये होता. किर्नबर्गर बर्लिनला गेला, फ्रेडरिक राजाची बहीण अ‍ॅना अमालिया हिचा शिक्षक झाला, आणि तिच्या ग्रंथसंग्रहात बाखची हस्तलिखिते साठत गेली. योहान क्रिस्टियान किटेल हा अखेरच्या शिष्यांपैकी एक; तो एरफुर्टला १८०९पर्यंत जगला आणि शिकवत राहिला. त्याच्या खोलीत पडद्याआड बाखचे चित्र असे, आणि चांगले वाजवणाऱ्या विद्यार्थ्यासाठी बक्षीस म्हणून तो पडदा सारला जाई, अशी हकिकत सांगतात. किटेलचा शिष्य रिंक डार्मश्टाटमध्ये १८४६पर्यंत हयात होता. म्हणजे बाखपासून मोजले तर केवळ तिसऱ्या पिढीतला हा माणूस मेंडेल्सोनच्या त्या प्रसिद्ध संध्याकाळीही ऑर्गन वाजवत होता. विसरण्याला सवड कुठे मिळाली?

हे केवळ चर्चच्या नोकरदारांपुरते होते असेही नाही. १० एप्रिल १७८२ रोजी मोत्सार्टने वडिलांना लिहिले की दर रविवारी बाराला तो बॅरन व्हान स्वीटेनकडे जातो आणि तिथे हेंडेल व बाख यांच्याशिवाय दुसरे काही वाजत नाही. हा बॅरन बर्लिनमध्ये राजदूत होता. बाखची गोडी त्याने तिथून व्हिएन्नाला आणली. पुढच्याच वर्षी, २ मार्च १७८३ रोजी, बॉनचा ऑर्गनवादक नेफे याने एका संगीत-मासिकासाठी आपल्या छोट्या विद्यार्थ्याबद्दल लिहिले की तो मुख्यत्वे 'वेल टेम्पर्ड क्लाव्हिअर' वाजवतो. त्या विद्यार्थ्याचे नाव बीथोव्हेन. विसरलेल्या माणसाचा ग्रंथ बारा वर्षांच्या पोराच्या हातात कसा आला, हा प्रश्न मजकुराच्या लेखकाने स्वतःला विचारायला हवा होता.

१८०१च्या सुमाराला तर बॉन, झुरिच आणि लाइपझिग अशा तीन ठिकाणच्या तीन प्रकाशकांनी हा संग्रह जवळजवळ एकाच वेळी छापायला घेतला. मागणी नसताना तीन व्यापारी एकाच मालावर पैसा लावत नाहीत. १८०२ साली संगीत-इतिहासकार फोर्केलने बाखचे चरित्र प्रसिद्ध केले. ऑर्गनसाठीची कोराल-प्रेल्यूड, म्हणजे चर्चमधल्या भजनांच्या चालींवर रचलेली प्रेल्यूड, १८०३पासून लाइपझिगमध्ये छापून येऊ लागली. लंडनमध्ये संगीतकार सॅम्युएल वेस्लीने हॉर्न नावाच्या सहकाऱ्याच्या साहाय्याने १८१०पासून 'वेल टेम्पर्ड'ची इंग्रजी आवृत्ती काढली. हे सगळे १८२९च्या आधीचे.

खाटकाच्या दुकानाची कथा कानाला गोड आहे, हे मान्य. आपल्यालाही इंद्रायणीतून तरून आलेल्या वह्यांची कथा प्रिय आहेच. पण ती थोर कृती, म्हणजे 'सेंट मॅथ्यू पॅशन', मेंडेल्सोनपर्यंत कशी आली याचा माग घरगुती आहे. त्याची आजी बेला सालोमोन हिने १८२९च्या पाच-सहा वर्षे आधी त्याला या कृतीची नक्कल भेट दिली. बेलाची बहीण सारा लेवी ही विल्हेल्म फ्रीडमान बाखची शिष्या. बर्लिनच्या झिंगअकाडेमी या गायनसंस्थेत ती बाखच्या कळवाद्याच्या कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, वाजवत असे. फेलिक्सची बहीण फॅनी जन्मली तेव्हा तिच्या आईने तिची बोटे बाखच्या फ्यूगसाठी घडली आहेत असे म्हटले होते, आणि तेराव्या वर्षी त्या मुलीने वडिलांच्या वाढदिवसाला 'वेल टेम्पर्ड'मधली चोवीस प्रेल्यूड पाठ वाजवून दाखवली. त्यांचा शिक्षक त्सेल्टर झिंगअकाडेमीचा प्रमुख होता आणि या पॅशनमधले भाग त्याने आपल्या गायकांकडून आधीच खासगीत गाऊन घेतले होते. ज्या घरात बाख असा पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता, त्या घरातल्या मुलाला खाटकाकडे जायची गरज नव्हती. खुद्द बाखच्या हातची शुद्ध प्रत तर आज बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे; बायबलमधले शब्द तिच्यात लाल शाईने लिहिलेले आहेत. मांसाचा डाग तिला लागलेला नाही.

राहिले चौथे विधान. ११ मार्च १८२९ची ती मैफल मोठी घटना होती, यात शंका नाही. लगेच २१ मार्चला, बाखच्या जन्मदिवशी, ती पुन्हा करावी लागली. मागे पडलेले गायनसंगीत तिच्यामुळे लोकांसमोर आले, आणि त्याचे श्रेय मेंडेल्सोनला द्यायलाच हवे. परंतु ऑर्गनच्या उत्सवाची वाट वेगळी आहे, आणि तिथे मेंडेल्सोन शोधक म्हणून येत नाही, तो परंपरेतला एक वादक म्हणून येतो. ६ ऑगस्ट १८४० रोजी लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये त्याने एकट्याने बाखच्या ऑर्गन-रचनांचा कार्यक्रम केला: ई-फ्लॅट मेजरमधला फ्यूग, ए-मायनरमधला प्रेल्यूड आणि फ्यूग, सी-मायनरमधली पासाकाल्या, म्हणजे खर्जात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका चालीवरची रचना. आठवडाभर इतका सराव केला की रस्त्याने चालतानाही पाय पायपट्टीवरच्या चाली टाकत होते, असे त्याने आईला कळवले. कार्यक्रमाचा पैसा बाखच्या स्मारकासाठी होता. ते स्मारक २३ एप्रिल १८४३ रोजी उघडले तेव्हा बाखचा हयात असलेला शेवटचा नातू, त्र्याऐंशी वर्षांचा विल्हेल्म फ्रीडरिक एर्न्स्ट, तिथे हजर होता.

त्याच्या पुढच्याच वर्षी ऑर्गन-रचनांची मोठी आवृत्ती लाइपझिगमध्ये निघू लागली. तिचा एक संपादक ग्रिपेनकेर्ल हा फोर्केलचा शिष्य, आणि फोर्केलने बाखच्या वादनाची माहिती थेट त्याच्या दोन मुलांकडून घेतली होती. १८५०मध्ये मृत्यूला शंभर वर्षे झाली म्हणून बाख गेझेलशाफ्ट, म्हणजे बाख-संस्था, स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत संगीतकार शूमान होता, तसाच लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चचा ऑर्गनवादक बेकरही होता. १९२० साली पॅरिसमध्ये मार्सेल द्युप्रे या ऑर्गनवादकाने दहा मैफलींत बाखच्या सगळ्या ऑर्गन-रचना पाठ वाजवल्या. या साखळीतला कोणताही दुवा १८२९च्या त्या संध्याकाळवर एकट्यावर लोंबकळत नाही.

या मजकुरासोबत अनेकदा एक ध्वनिफीत जोडलेली असते, आणि तिच्यात बहुतेक वेळा डी-मायनरमधली टोकाटा असते, भयपटांमुळे जगाच्या कानावर असलेली तीच. ती बाखच्या हस्ताक्षरात उपलब्धच नाही. ती खरोखर बाखची आहे का, याबद्दलही १९८१पासून अभ्यासकांत वाद आहे. आज ती वाजते याचे कारण एवढेच, की जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात केलनर नावाचा एक बाखवेडा ऑर्गनवादक होता आणि त्याच्या रिंक नावाच्या विद्यार्थ्याने (किटेलच्या शिष्याशी याचा संबंध नाही, हा वयाने बराच मोठा) ती कुठूनशी मिळवून आपल्या वापरासाठी उतरवून ठेवली.