पुस्तक उघडण्याआधीच पाच तारे

डेटाबेसचं किंवा प्रोग्रॅमिंगचं पुस्तक ऑनलाइन मागवलंत? मग आता अभिप्राय लिहिणं आलं. दडपण घेऊ नका, त्यासाठी पुस्तक वाचावं लागत नाही. गेल्या महिन्यात दीडशेच्या वर अभिप्राय वाचून मी मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचं एक पुस्तक घेतलं, ६९९ रुपये मोजून. तेव्हा या विषयात बोलायचा मला आता अधिकार आहे.

सुरुवात खोक्यापासून करा. "पॅकिंग मस्त, दोन दिवसांत इंदूरला पोचलं" असं लिहा आणि पाच तारे ठोका. भर उन्हात तीन जिने चढून आलेल्या पोराला तारे द्यायची सोय नसते. ते लेखकाच्या खात्यात गेले तर बिघडलं कुठे?

कोपरा दुमडलेला असेल तर एकच तारा.

मग पुस्तक हातात तोलून बघा. जाड असेल तर "पैसे वसूल". माझं सातशे पानांचं आहे. त्यातली चाळीसेक पानं 'नेक्स्ट' हे बटण कुठे दाबायचं याच्या चित्रांची, पण वजनात तीही धरतात. एडगर कॉड या संगणकतज्ज्ञानं १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडायची पद्धत) मांडलं, ज्याच्यावर आजचं सगळं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा, उभं आहे, ते अकरा पानांत. तो निबंध तुमच्या हाती लागला असता तर? "फारच पातळ, चित्रं नाहीत, नुसती थिअरी. दोन तारे."

वाचायचंच झालं तर पहिलं प्रकरण वाचा आणि "नवशिक्यांसाठी उत्तम" असा शेरा मारा. कितव्या पानापर्यंत गेलात हे कुणी विचारत नाही.

कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर शिकला असाल तर फारच बरं. सीचं कुठलंही नवं पुस्तक उघडा, त्यात पडदा पुसणारं सीएलआरएससीआर नाही, प्रोग्रॅमच्या सुरुवातीचं व्हॉइड मेन नाही म्हणून लेखकाची अक्कल काढा. पडदा पुसायची ती सोय टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंड कंपनीच्या कंपायलरची होती, सीच्या प्रमाण भाषेत ती कधीच नव्हती, असं कुणी सांगायला आलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. आपल्या सरांनी शिकवलं ते सी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी लिहिलंय हे चुकूनही सांगू नका. पुस्तकाची आवृत्ती म्हणत नाही मी, सॉफ्टवेअरची. ते गुपित असतं. पुढच्यानं ते स्वतःच्या कष्टानं शोधावं, त्यातच शिक्षण आहे. माझं झालं ना. आमच्या वसाहतीतल्या मराठी वाचनालयाची दाखल रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं मी मोठ्या तोंडानं कबूल केलं होतं. तीन हजार आठशे पुस्तकं, सात रजिस्टरं, त्यातल्या दोहोंच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या जमान्यातला माणूस, म्हटलं पुस्तक आणू, बघून बघून करू. टेबलं झाली. मग ग्रंथपाल काकूंना सगळे अधिकार आणि देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या मुलाला फक्त बघायचे, अशी सोय करायची होती. पुस्तकात ती एका ओळीत दिलेली: ग्रँट (म्हणजे अधिकार दे), टेबलाचं नाव, माणसाचं नाव आणि शेवटी आयडेंटिफाइड बाय म्हणून पासवर्ड. तस्संच टाइप केलं. एरर १०६४, म्हणजे ओळ लिहिण्यातच चूक. पुन्हा केलं. १०६४. अवतरणचिन्हं बदलली, अर्धविराम तपासला, पासवर्ड बदलला, उगाच कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चार रात्री! घरची म्हणाली, "अहो, वहीत लिहा ना सरळ." पाचव्या रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्यानं एवढंच विचारलं, "मामा, पुस्तक कुठल्या व्हर्जनचं आहे?"

मुखपृष्ठावर होतं 'नवी सुधारित आवृत्ती'. शेवटी भिंग घेऊन पान २३ वरच्या काळ्या खिडकीच्या चित्रात शोधलं, तर बारीक अक्षरांत सर्व्हर व्हर्जन ५.५. ते २०१० सालचं! माझ्या मशीनवर ८.०. आधी क्रिएट यूजर करून माणूस निर्माण करायचा आणि मगच ग्रँट द्यायचं, हा ८.० चा रिवाज. एका ओळीत दोन्ही उरकायची जुनी सवलत त्यांनी काढून टाकलेली. पुढच्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या निकालाचं टेबल होतं, त्यात रँक नावाचा रकाना. तोही चालेना. रँक हा ८.० मध्ये राखीव शब्द झालाय, रकान्याला तो तसाच देता येत नाही, कारण त्या नावाचं फंक्शनच आलं. म्हणजे मुखपृष्ठ सुधारलं, आतला माल तोच.

आणि गंमत बघा, १०६४ ची ती एरर पहिल्या रात्रीपासून सांगत होती की तुमच्या सर्व्हरच्या व्हर्जनचं मॅन्युअल बघा. चार रात्री मी ते वाक्य वाचत होतो, शिव्या देत होतो आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालत होतो. दीडशे माणसांनी मिळून जे सांगितलं नाही ते एका मुक्या यंत्रानं सांगितलं.

मग हट्टानं सगळे अभिप्राय पुन्हा वाचले. एका मुलानं लिहिलं होतं, "कमांड चालत नाहीत, फालतू पुस्तक." कुठली कमांड, कुठल्या पानावरची, काही नाही. त्याच्याखाली कुणीतरी इंदुरी टोमणा मारलेला, "भिया, आधी शिकून तर घ्या." बाकीचे "लय भारी", "मुलाला आवडलं", "परीक्षेला उपयोगी". आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाणारासुद्धा आधी घास तोंडात घालतो आणि मग मान डोलावतो हो!

आता थट्टा बास. मला तुमचा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. हे पुस्तक घेणारा कोण असतो? भंवरकुव्याच्या, म्हणजे इथल्या शिकणाऱ्या पोरांच्या वस्तीतल्या, खोलीत तिघांत एक लॅपटॉप वाटून घेणारा पोरगा असतो. बापानं पाठवलेल्या पैशांतून सहा-सातशे रुपये काढतो आणि तुमचे तारे बघून घेतो. कमांड चालली नाही की त्याला वाटतं चूक आपलीच, आपल्यालाच हे जमत नाही. माझी नोकरी करून झाली, माझ्या चार रात्री गेल्या तर गेल्या. तो त्या चार रात्रींत प्रोग्रॅमिंगच सोडून देईल, आणि तुम्ही तिकडे "पॅकिंग मस्त"! लाज वाटायला हवी. एक ओळ टाइप करून बघायला किती वेळ लागतो? नाही बघितली तर गप्प बसा, तारे द्यायची कुणी सक्ती केलेली नाही. बघितली असेल तर व्हर्जन लिहा, पान लिहा, अडलेली ओळ लिहा. छापणाऱ्यालाही तुम्हीच सोकावून ठेवलंय. खोक्यावर पाच तारे मिळत असताना तो आतलं कशाला बदलेल?

मी माझा अभिप्राय टाकलाय. पान ११२, पान १३८, ५.५ आणि ८.०, सगळं लिहिलंय. पुस्तक परत घेत नाहीत म्हणाले, मुदत संपली. काकूंनी त्याला वाचनालयाचा शिक्का मारून दाखल करून घेतलं, रजिस्टरात, शाईच्या पेनानं.